भरतकामाच्या डिझाइनचा रोजमेळ: मोबाइल व क्लाउडमधील फायली बिनचूक कशा ठेवाव्यात

कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचा धंदा आता सुरत आणि मुंबईपुरता राहिलेला नाही. एका हेडचे मशीन, जोडीला एक संगणक आणि हाताशी मोबाइल एवढ्या साधनांवर तालुक्याच्या गावी, किंबहुना खेड्यातही हे काम करता येते. ग्राहक मोबाइलवर नमुना पाठवतो, पंचिंग करणारा दुसऱ्या गावी बसून डिझाइन तयार करतो आणि मशीन तिसऱ्याच ठिकाणी चालते. या सोयीबरोबर एक नवे नुकसानही आले आहे. ते म्हणजे चुकीच्या प्रतीवर काम होणे. हे नुकसान कसे होते आणि ते कसे टाळावे, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

उदाहरणासाठी वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरी हे गाव घेऊ. बंजारा स्त्रियांच्या आरसे व कवड्या लावलेल्या भरतकामामुळे सुईची कला या तालुक्याला नवी नाही. समजा, इंझोरीत एका कारागिराचे एका हेडचे मशीन आहे. त्याचा भाऊ वाशिमला ऑर्डर घेतो आणि पंचिंग कारंज्याला होते. तिघांच्या मोबाइलमध्ये एकच डिझाइन अ‍ॅप आहे व तिघांच्या फायली क्लाउडमध्ये एकत्र येतात. लग्नसराईत नवरीच्या कुर्त्याच्या बाह्यांचे काम आले. ग्राहकाने नावातील एक अक्षर बदलण्यास सांगितले. भावाने ते वाशिमहून परतताना, रेंज नसतानाच मोबाइलवर बदलले. त्याच वेळी कारंज्याच्या पंचिंगवाल्याने त्याच डिझाइनमधील पानांचे टाके दाट केले. रात्री दोघांचे मोबाइल नेटला लागले आणि क्लाउडमध्ये शेवटी पोहोचलेली फाइल तेवढी उरली. सकाळी मशीनने दाट पाने सुंदर भरली, पण नाव जुनेच भरले!

२०,००० टाक्यांची एक बाही मिनिटाला ७०० टाक्यांच्या वेगाने भरण्यास सुमारे अर्धा तास लागतो. तेच टाके उसवण्यास त्याच्या कितीतरी पट वेळ जातो आणि नाजूक कापडावर सुईची छिद्रे उरतात ती वेगळीच. कापड ग्राहकाचे, तारीख लग्नाची आणि शब्द दुकानाचा. येथे मशीन बिघडले नाही, कारागीर चुकला नाही आणि नेटही चालू होते. चुकला तो फायलींचा मेळ.

फाइलमध्ये नेमके काय असते?

उपाय समजण्यासाठी आधी डिझाइनची फाइल समजून घ्यावी. आपल्या धंद्यात डिझाइन बनविण्याला पंचिंग म्हणतात. जुन्या मशीनना कागदी पट्टीला छिद्रे पाडून टाक्यांची माहिती दिली जाई, त्यावरून हा शब्द आला. छिद्रांची पट्टी एकच असे आणि ती मशीनजवळच असे. त्यामुळे कोणती प्रत खरी, हा प्रश्न क्वचितच येई. नंतर फ्लॉपी आली, मग पेन ड्राइव्ह आला आणि आता मोबाइल. प्रत काढणे जितके सोपे झाले तितकी खरी प्रत ओळखणे कठीण झाले.

सर्वांत जास्त चालणारी डीएसटी फाइल ही जपानच्या ताजिमा कंपनीच्या मशीनची पद्धत होय. तिच्या सुरुवातीला ५१२ बाइटची पाटी असते. त्या पाटीत डिझाइनचे नाव, टाक्यांची संख्या, रंगबदलांची संख्या आणि लांबी-रुंदी लिहिलेली असते. मापाचे एकक मिलिमीटरचा दहावा भाग हे आहे. त्यापुढे प्रत्येक टाक्याला व प्रत्येक उडीला ३ बाइट. म्हणजे २०,००० टाक्यांचे डिझाइन सुमारे ६० किलोबाइटचे होते. जुन्या १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीत अशी वीसहून अधिक डिझाइने मावत असत. गुगलच्या एका खात्यात सध्या मिळणाऱ्या १५ गिगाबाइट मोफत जागेत ती सुमारे अडीच लाख मावतील. मात्र ही जागा ई-मेल व फोटो यांच्यासह मोजली जाते.

यावरून पहिला धडा मिळतो. भरतकामाच्या फायलींना मोठ्या नेटची गरज नसते. साठ किलोबाइटची फाइल कमकुवत रेंजमध्येही जाऊ शकते. म्हणून ‘नेट स्लो आहे’ असे म्हणून प्रत्येक घोटाळ्याचा दोष नेटवर टाकू नये. खरा प्रश्न वेगाचा नसून क्रमाचा आहे: कोणती प्रत कोणत्या प्रतीनंतरची?

डीएसटीच्या दोन उणिवाही लक्षात ठेवाव्यात. एक, तिच्यात धाग्याचा रंग नसतो. येथे रंग बदला, एवढेच ती सांगते. लाल की हिरवा, हे सांगत नाही. ब्रदर मशीनची पीईएस व जानोमेची जेईएफ यांत रंगांची माहिती असते. दोन, डीएसटी ही टाक्यांची यादी आहे. ती नुसती ताणून मोठी केली तर टाके तेवढेच राहतात आणि मध्ये कापड दिसू लागते. मूळ आकार व त्यांची भरण्याची रीत ही पंचिंगच्या मूळ फाइलमध्ये असते, जसे विलकॉमची ईएमबी. म्हणून मूळ फाइल ही पेटी व डीएसटी ही त्यातून काढलेली पावती, असे समजावे. केवळ पावती जपून पेटी हरवू नये.

क्लाउड आणि सिंक म्हणजे काय?

क्लाउड म्हणजे एखाद्या कंपनीच्या दूरच्या संगणकांत भाड्याने किंवा मोफत मिळालेली जागा. सिंक म्हणजे आपल्या मोबाइलमधील फायली आणि त्या जागेतील फायली यांचा मेळ घालणे. ड्रॉपबॉक्स २००८ साली व गुगल ड्राइव्ह २०१२ साली लोकांसाठी खुले झाल्यापासून ही रीत घरोघरी गेली. शिवण-भरतकामाच्या क्षेत्रातही ब्रदर कंपनीचे आर्टस्पिरा अ‍ॅप आणि हस्कवार्ना व्हायकिंग व फाफ मशीनसाठीची मायस्यूनेट सेवा अशा सोयी आल्या आहेत. त्यांतून वायफाय असलेल्या मशीनला विना पेन ड्राइव्ह डिझाइन पाठवता येते.

व्यापाऱ्याला सिंक समजण्यासाठी रोजमेळाचे उदाहरण पुरे. दुकानाच्या दोन शाखा आहेत आणि दोन्हीकडे वेगळी वही आहे. रात्री दोन्ही वह्या समोरासमोर ठेवून नोंदी जुळवतात. एका वहीतच नवी नोंद असेल तर ती दुसरीत उतरवली की काम झाले. अडचण तेव्हा येते, जेव्हा एकाच खात्यात दोघांनी दिवसभरात वेगवेगळे आकडे मांडलेले असतात. अशा वेळी शहाणा मुनीम एक पान फाडून टाकत नाही. तो दोन्ही पाने मालकापुढे ठेवतो. दुबळे अ‍ॅप मात्र एक पान फाडते आणि कोणाला सांगतही नाही.

घोटाळा कोठे कोठे होतो?

(१) वेळेवर भरवसा. अनेक अ‍ॅप ‘ज्याची वेळ नंतरची ती फाइल खरी’ असे धरतात. परंतु मोबाइलचे घड्याळ पुढे-मागे असू शकते. शिवाय नंतर केलेला बदल हा आधीचा बदल पाहूनच केला होता, असे वेळेवरून सिद्ध होत नाही. अमेरिकी संशोधक लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ सालच्या निबंधात हे दाखवून दिले की, अनेक संगणकांच्या कामात घटनांचा क्रम ठरविण्यासाठी घड्याळापेक्षा कोणती घटना कोणत्या घटनेवरून घडली हे पाहावे लागते.

(२) अर्धवट फाइल. उतरवताना मध्येच रेंज गेली आणि अ‍ॅपने जुन्या फाइलवरच नवी लिहिण्यास सुरुवात केलेली असली, तर जुनीही गेली व नवीही अपुरी राहिली. डीएसटीत फाइल धड आहे की नाही हे पडताळणारा स्वतंत्र आकडा नसतो.

(३) झोपलेला मोबाइल. अँड्रॉइडच्या २०१५ सालच्या सहाव्या आवृत्तीपासून, पडून असलेला आणि चार्जिंगला न लावलेला मोबाइल बॅटरी वाचविण्यासाठी मागे चालणारी कामे लांबणीवर टाकतो. त्यामुळे खिशातला मोबाइल रात्रभर सिंक करीत असेल असे गृहीत धरू नये.

(४) पुसण्याचा प्रवास. एका मोबाइलवर पुसलेले डिझाइन सिंकमुळे सर्वांकडून पुसले जाते. उलट, पुसल्याची नोंद ठेवली नसेल तर महिनाभर बंद असलेला जुना मोबाइल सुरू होताच बाद केलेले डिझाइन पुन्हा सर्वांकडे परत येते.

(५) तुटलेली जोडी. डीएसटी नवी आली, पण रंगांची यादी जुनीच राहिली. टाके बरोबर आणि रंग चूक!

अ‍ॅपमध्ये कोणत्या सुधारणा हव्यात?

आपल्यातील अनेक तरुण आता संगणकाचे शिक्षण घेऊन अ‍ॅप बनवीत आहेत. त्यांनी आणि अ‍ॅप निवडणाऱ्या दुकानदारांनीही पुढील गोष्टी तपासाव्यात.

पहिली व मुख्य गोष्ट ही की, प्रत्येक प्रतीवर ती कोणत्या प्रतीवरून झाली याची खूण असावी. वहीच्या प्रत्येक पानावर ‘मागील पानावरून पुढे आणलेली शिल्लक’ लिहितात, तसेच हे आहे. पाचव्या प्रतीवरून सहावी झाली असेल तर सहावी बिनधास्त पुढे न्यावी. पण पाचव्या प्रतीवरूनच दोन निरनिराळ्या प्रती आल्या, तर दोघांनी एकमेकांचे न पाहता बदल केले हे उघड आहे. ही युक्ती नवी नाही. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा खुणांची पद्धत १९८३ सालीच मांडली होती. असा प्रसंग आला की अ‍ॅपने दोन्ही प्रती ठेवाव्यात, दोन्हींची चित्रे शेजारी दाखवावीत व माणसाला निवडू द्यावे. टाक्यांच्या दोन याद्या आपोआप एकत्र करण्याचा प्रयत्न करू नये, कारण एका टाक्याची जागा आधीच्या टाक्यावर अवलंबून असते.

दुसरी गोष्ट, काम नेटवाचून चालावे. डिझाइन आधी मोबाइलमध्येच पक्के जतन व्हावे आणि पाठवावयाच्या कामांची रांग वेगळी राहावी. रेंज आली की रांग पुढे सरकावी.

तिसरी गोष्ट, उतरविलेली फाइल आधी तात्पुरत्या नावाने ठेवावी, तिचा ठसा जुळवावा व मगच जुन्या फाइलच्या जागी बसवावी. ठसा म्हणजे फाइलच्या सर्व बाइटवरून गणिताने काढलेला छोटा आकडा. एक टाका बदलला तरी ठसा बदलतो. दोन्हीकडील ठसे जुळले तर फाइल पाठविण्याचीही गरज नाही. मोठ्या फायलींसाठी, केवळ बदललेले तुकडे पाठविण्याची आरसिंक नावाची पद्धत ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली पुढे आणली. पण साठ किलोबाइटच्या डिझाइनसाठी एवढा खटाटोप नको. सबंध फाइल पाठवावी, ते सोपे आणि खात्रीचे आहे.

चौथी गोष्ट, मूळ फाइल, मशीनची फाइल, रंगांची यादी व मापाची टीप यांचे एकच गाठोडे असावे. गेले तर सर्व जावे, नाहीतर काहीच जाऊ नये.

पाचवी गोष्ट, पुसलेल्या डिझाइनची नोंद ठेवावी आणि जुन्या प्रती काही दिवस परत मिळाव्यात. सहावी गोष्ट अगदी साधी आहे, पण कारागिराला सर्वांत उपयोगी: प्रत्येक डिझाइनसमोर ‘पोहोचले’, ‘वाट पाहत आहे’ किंवा ‘दोन प्रती आहेत, निवडा’ असे आपल्या भाषेत स्पष्ट लिहिलेले असावे. गोल फिरणाऱ्या चिन्हावरून कोणालाच काही कळत नाही.

दुकानाने पाळावयाची शिस्त

चांगले अ‍ॅप मिळेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. पुढील नियम आजपासून पाळता येतात.

१. एका डिझाइनचा एक धनी ठरवावा. बदल तोच करील. इतरांनी बदल सांगावा, स्वतः करू नये. इंझोरीच्या उदाहरणात भावाने कारंज्याला केवळ निरोप दिला असता तर पुढचा प्रकार घडला नसता.

२. जुन्या फाइलवर नवी लिहू नये. वहीत आपण खाडाखोड करीत नाही, नवी ओळ लिहितो. तसेच येथेही प्रत्येक बदलाला नवा क्रमांक द्यावा. काही जुनी मशीन फक्त आठ अक्षरांची नावे घेतात, म्हणून नाव आखूड, इंग्रजी अक्षरे व आकडे यांचेच असावे. ग्राहकाची दोन अक्षरे, डिझाइनचा दोन आकडी क्रमांक आणि शेवटी आवृत्ती, जसे ‘एनके१२व्ही३’. ‘फायनल’, ‘नवे फायनल’ अशी नावे देऊ नयेत. एकच फाइल पुन्हा पुन्हा उतरवल्यावर मोबाइल तिच्या नावामागे स्वतःच आकडा लावतो, त्याला आवृत्ती समजू नये.

३. मशीन सुरू करण्यापूर्वी तीन आकडे ताडून पाहावेत: टाके, रंगबदल आणि लांबी-रुंदी. पंचिंगवाल्याने हे तीन आकडे फाइलसोबत कळवावेत व मशीनच्या पडद्यावरील आकड्यांशी ते जुळवावेत. मशीनच्या पडद्यावर दिसत नसतील तर डीएसटी फाइल साध्या मजकुराच्या अ‍ॅपमध्ये उघडावी. सुरुवातीच्या पाटीत ‘एसटी’ या इंग्रजी अक्षरांपुढे टाके व ‘सीओ’पुढे रंगबदल वाचता येतात. मात्र ती तेथे केवळ पाहावी, जतन करू नये. टाक्यांच्या मानाने फाइल फारच लहान असेल तर ती अर्धवट समजावी.

४. हे आकडे सारखे असूनही अक्षर चुकलेले असू शकते. म्हणून नावाच्या कामात चित्र पाहून ग्राहकाची संमती घ्यावी आणि संमती कोणत्या क्रमांकाच्या आवृत्तीला मिळाली ते लिहून ठेवावे. शक्य असल्यास आधी चिंधीवर नमुना काढावा.

५. दुकान बंद करताना मोबाइल चार्जिंगला लावून अ‍ॅप एकदा उघडावे व सर्व फायली पोहोचल्याचे पाहावे. हा आपला रोजमेळ समजावा.

६. सिंक म्हणजे राखीव साठा नव्हे. चूकही सिंक होते आणि पुसणेही सिंक होते. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीतील फाइल ३० दिवसांनी कायमची जाते. म्हणून महिन्यातून एकदा सर्व मूळ फायली वेगळ्या पेन ड्राइव्हवर घेऊन तो कपाटात ठेवावा.

डिझाइन ही अमानत

ग्राहकाने दिलेले कापड आपण अमानत म्हणून जपतो. त्याने दिलेले डिझाइन, नाव व मापेही तशीच अमानत आहेत. एका ग्राहकाचे खास डिझाइन दुसऱ्याला चुकून जाऊ नये, यासाठी प्रत्येकाचे फोल्डर वेगळे ठेवावे आणि ते ज्यांना काम आहे त्यांच्यासाठीच उघडे ठेवावे. क्लाउडचे खाते दुकानाच्या नावाने असावे. पुष्कळ ठिकाणी ते कामावरच्या मुलाच्या मोबाइल नंबरावर असते. मुलगा दुसरीकडे गेला किंवा त्याचे सिम बंद पडले की दहा वर्षांची मेहनत कुलुपात अडकते. पासवर्ड मालकाकडे असावा व दुहेरी पडताळणी चालू ठेवावी. कोणी काम सोडून गेला तर त्याच दिवशी त्याचा मोबाइल खात्यातून काढावा आणि त्याचा हिशेबही त्याच दिवशी चुकता करावा.

पंचिंगवाल्याशी व्यवहार ठरवतानाच मूळ फाइल कोणाकडे राहील हे बोलून घ्यावे. केवळ डीएसटीचे पैसे ठरले आहेत की मूळ फाइलचेही, हे आधी लिहिले म्हणजे पुढे मने दुखावत नाहीत.

या आठवड्याचा अभ्यास

आपले अ‍ॅप दोन प्रती कशा हाताळते हे खऱ्या ऑर्डरवर कळण्याची वाट पाहू नये. दोन मोबाइल घ्यावेत व दोन्हींवर दुकानाचे तेच खाते उघडावे. एक टाकाऊ डिझाइन दोन्हींवर येऊ द्यावे. मग दोन्ही मोबाइल विमान मोडवर टाकावेत. पहिल्यावर एक फूल काढून टाकावे, दुसऱ्यावर एक अक्षर बदलावे आणि दोन्ही जतन करावे. आता आधी पहिल्याचे व पाच मिनिटांनी दुसऱ्याचे नेट सुरू करावे.

दोन्ही प्रती दिसल्या आणि अ‍ॅपने विचारणा केली, तर अ‍ॅप भरवशाचे आहे. दोन्ही प्रती राहिल्या, पण सूचना आली नाही, तर वरील नियम कडक पाळून ते वापरता येईल. एकच प्रत उरली आणि जुन्या आवृत्तीची यादीही मिळाली नाही, तर त्या अ‍ॅपचा उपयोग फक्त डिझाइन पाहण्यासाठी करावा. मूळ फायली त्याच्या भरवशावर ठेवू नयेत. हाच प्रयोग पुसण्याबाबतही करावा: एका मोबाइलवर डिझाइन पुसून ते दुसऱ्यावरून किती वेळात जाते आणि परत मिळते का, हे पाहावे. सगळ्याला मिळून अर्धा तास लागेल. नवरीची एक बाही भरण्यास लागतो तेवढाच!